फवारणीचा पंप खाली ठेवल्यावर

२००२च्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा पडला आणि बघता बघता शेजारच्या जिल्ह्यांत पसरला. ज्यांनी तो पाहिला ते त्याला विसरणार नाहीत. पानाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या लोकरीचा थर, वरच्या अंगाला चिकट पाक आणि त्या पाकावर धरलेली काळी बुरशी. उसातून बाहेर आलं की सदरा पांढरा झालेला असायचा. त्या वर्षी मीही पंप पाठीवर घेतला होता. डोक्याच्या वर गेलेल्या उसात शिरून फवारायचं म्हणजे निम्मं औषध आपल्याच अंगावर. आठ-पंधरा दिवस पानं जरा हिरवी दिसायची आणि मग लोकर पुन्हा हजर. पुढे जाणकारांनी दाखवलं, की काही पानांवर त्या लोकरीत एक बारीक अळी फिरते आणि ती फिरते तिथे मावा उरत नाही. तिचं नाव डिफा. अशा अळ्या असलेली पानं कापून एका फडातून दुसऱ्या फडात नेऊन बांधायची, हे काम मग कारखान्यांनी, विद्यापीठाच्या माणसांनी आणि शेतकऱ्यांनी अंगावर घेतलं. मायक्रोमस नावाचा आणखी एक मित्रकीटक जोडीला होता. मावा समूळ गेला नाही, आजही कुठे ना कुठे दिसतो, पण त्याची दहशत गेली.

फवारणीने मावा मरत नव्हता असं नाही. मरत होता, पण त्याच्याबरोबर त्याला खाणारेही मरत होते. माव्याची मादी नराशिवाय, अंडी न घालता, थेट पिल्लंच देते. त्यामुळे फवारणीनंतर मावा आधी परत यायचा आणि त्याला खाणारी अळी मागाहून, कधी कधी यायचीच नाही. म्हणजे दर फवारणीला आपण त्याला मोकळं रान करून देत होतो. हे मला उशिरा कळलं.

सफरचंदावरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ही उसाची गोष्ट सांगायचं कारण असं, की सफरचंदालाही लोकरी मावाच छळतो. जात वेगळी, मूळ उत्तर अमेरिकेचं, पण सोंग तेच. शिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढकडे एका बागेत जूनच्या सकाळी मी तो पहिल्यांदा जवळून पाहिला. छाटणीच्या जुन्या जखमेच्या कडेने कापसाचा बोळा चिकटवल्यासारखा दिसत होता. बोटाने दाबला तर बोट रक्त लागल्यासारखं तांबडं झालं. त्याच झाडाच्या दुसऱ्या फांदीवरची लोकर मात्र विरलेली होती आणि खाली काळे, कोरडे, फुगीर दाणे राहिले होते. भिंग लावलं तर प्रत्येक दाण्याच्या पाठीवर सुईने पाडावं तसं एक गोल भोक. ते दाणे म्हणजे मेलेला मावा आणि भोक म्हणजे त्याच्या पोटात वाढून बाहेर पडलेल्या माशीचा दरवाजा. या माशीचं नाव ॲफेलिनस माली. लांबी जेमतेम एक मिलिमीटर. बागेच्या मालकाने त्या फांदीला हात लावायचा नाही म्हणून सुतळी बांधून ठेवली होती. पुढच्या वर्षी जिथे लोकर दिसेल तिथे अशीच काळी फांदी नेऊन बांधायची, एवढाच त्याचा माव्यावरचा इलाज.

ही माशी हिमालयातली नव्हे. सफरचंदही हिमालयाच्या या उतारांवर बाहेरूनच आलं. अमेरिकेतून आलेल्या सॅम्युअल स्टोक्स यांनी, म्हणजे पुढे सत्यानंद स्टोक्स झालेल्या माणसाने, गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोटगढच्या परिसरात डिलिशियस जातीची झाडं लावली आणि त्या डोंगराळ भागाचं अर्थकारण बदललं. अशाच परदेशी कलमांच्या मुळांवर, सालीच्या भेगांवर बसून मावा आणि खवले कीड भारतात उतरली. झाड आलं, कीड आली, किडीचा वैरी मात्र मागे राहिला. तो मुद्दाम जाऊन आणावा लागला. न्यूझीलंडमध्ये १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲफेलिनस नेऊन सोडली तेव्हा तिने माव्याला आवर घातला, ते पाहून देशोदेशीच्या बागाइतदारांनी तिला मागवलं. आपल्याकडेही ती स्वातंत्र्यापूर्वीच आली आणि कुलू खोऱ्यात चांगली रुजली. ज्या बागेत तिला विषाचा धक्का लागत नाही तिथे ती आजही फुकट राबते.

फवारणीशिवाय सफरचंद पिकवता येतं, असं म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, बाग देवाच्या भरवशावर सोडून द्यायची. या पुस्तकात याच्या उलट सांगितलं आहे आणि मला ते मनापासून पटतं. पंप हाती असेपर्यंत किडीची ओळख नसली तरी चालतं, तारीख आली की टाकी भरायची. हिमाचलमध्ये बागवानांच्या घरोघरी भिंतीवर फवारणीचं वेळापत्रक लावलेलं असतं: ग्रीन टिपला, म्हणजे कोंब हिरवे दिसू लागले की हे, पिंक बडला, म्हणजे कळ्या गुलाबी झाल्या की ते, पाकळ्या गळल्यावर आणखी काही. पंप खाली ठेवला की ते वेळापत्रक बाद होतं आणि भिंतीवर दुसरं लावावं लागतं, किडीच्या आयुष्याचं. वर्षात एखादी वेळ अशी असते की कीड हाताच्या टप्प्यात येते. कुठली अंड्यात असते, कुठली सालीखाली झोपलेली, कुठली संध्याकाळी झाडावर गोळा झालेली. ती वेळ साधली तर काम हाताने होतं.

सफरचंद आणि विष यांचं नातं जुनं आहे. अमेरिकेत १८९०च्या दशकापासून सफरचंदाच्या बागांवर शिशाचं आर्सेनेट मारत, ते दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी येईपर्यंत. वॉशिंग्टन राज्यातल्या जुन्या बागांच्या मातीत ते शिसं आणि आर्सेनिक आजही सापडतं. कीड औषधाला दाद देईनाशी होते, ही गोष्टही शास्त्राने पहिल्यांदा नोंदवली ती फळबागेतच. वॉशिंग्टन राज्यातल्या ए. एल. मेलँडर यांनी १९१४ साली दाखवून दिलं, की सॅन होजे खवले कीड चुना-गंधकाच्या फवाऱ्यातून वाचू लागली आहे. ही नोंद शंभर वर्षांहून जुनी असताना आपण दर हंगामात नव्या औषधाच्या बाटलीकडे नव्या आशेने पाहतो, याचं मला वाईट वाटतं.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांताची हकिगत तर प्रत्येक बागाइतदाराने वाचावी अशी आहे. तिथल्या ॲनापोलिस खोऱ्यात भरपूर फवारणी होऊनही खवले कीड वाढतच होती. १९४०च्या दशकात ए. डी. पिकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा शोध घेतला. बागेत गंधक मारलं जात होतं ते बुरशीसाठी, पण त्यानेच खवले किडीला खाणारा कोळी आणि तिच्यावर वाढणारी बारीक माशी मरत होती. म्हणजे एका दुखण्यावरच्या औषधाने दुसरं दुखणं पोसलं जात होतं. पिकेट यांनी फवारणी पूर्ण बंद केली नाही. औषधं सौम्य केली, वेळा कमी केल्या, आणि मित्रकीटक टिकतील असं बघितलं. रेचेल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात या कामाची आवर्जून दखल घेतली. सफरचंदावरच्या लाल कोळ्याचंही तेच. तो मोठा शत्रू झाला तो डीडीटीच्या काळापासून, त्याला खाणारे कोळी आणि किडे मेल्यावर.

आता बागेत जाऊ. सगळ्यात जास्त काम हिवाळ्यात असतं. पंपवाल्या बागेत हिवाळा म्हणजे छाटणी आणि मग विसावा. बिनफवारणीच्या बागेत निम्मी लढाई याच दिवसांत होते, कारण झाड उघडं असतं आणि लपलेलं सगळं दिसतं. टेंट कॅटरपिलर म्हणतात त्या अळीची मादी बारीक डहाळीभोवती अंड्यांचं कडं घालते, बोटात अंगठी असावी तसं, आणि त्या एका अंगठीत शेकडो अंडी असतात. जानेवारीत ती डहाळी कात्रीने कापून जाळली की संपलं. तीच अंगठी राहून गेली तर पालवी फुटताना अळ्या बाहेर येतात, फांदीच्या बेचक्यात जाळ्याचा तंबू ठोकतात आणि रात्री बाहेर पडून पानं फस्त करतात. तरीही एक संधी असते. दिवसा सगळी फौज तंबूत असते, तेव्हा काठीला फडकं गुंडाळून तंबूच उचलून घ्यायचा. रात्री गेलात तर हाती काही लागत नाही. दिवस आणि रात्र यांतला एवढा फरक माहीत नसला की माणूस पंपाकडे वळतो.

खवले कीडही हिवाळ्यातच शोधायची. सालीवर राख उडाल्यासारखा करडा थर दिसतो, नख फिरवलं की खपल्या निघतात आणि खाली पिवळे ठिपके. ज्या फांदीवर थर जाड आहे ती काढूनच टाकायची, खोडावर असेल तर ताठ केसांच्या ब्रशने घासायची. ढिली साल खरवडायची, खाली चादर अंथरून, म्हणजे पडलेलं सगळं गोळा करून जाळता येतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि मोठ्या झाडावर अवघडही आहे. सॅन होजे खवले किडीपुढे बिनफवारणीच्या बागाइतदाराला सर्वात जास्त घाम गाळावा लागतो, हे मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. एन्कार्सिया नावाची माशी मदतीला असते, पण झाड जुनं, दाट आणि दुर्लक्षित असेल तर तिच्या एकटीच्याने होत नाही.

एप्रिलमध्ये बाग फुलते. तेव्हा माणसाने काही करायचं असलं तर ते एवढंच, की मधमाश्यांच्या वाटेत येऊ नये. हिमाचलचे बागवान फुलोऱ्यात मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणतात, कारण परागीभवन झालं नाही तर फळ धरत नाही, आणि फवारलेल्या बागेत पेटी ठेवायला मधपाळ कचरतो. कोवळ्या शेंड्यांवर हिरवा मावा दिसू लागतो तोही याच सुमारास. हे दिवस कठीण असतात. पानं गुंडाळलेली दिसतात, जीव खालीवर होतो आणि हात पंपाकडे जातो. थांबा. ढालकिड्यांची केशरी-पिवळी अंडी पानामागे दिसली का पाहा, सिरफिड माशीची अळी आहे का पाहा. मुंग्यांची रांग खोडावरून चढते का तेही पाहा, कारण मुंग्या माव्याचा पाक खातात आणि त्या बदल्यात त्याची राखण करतात. खोडाभोवती कागदाचा पट्टा बांधून त्यावर चिकट थर दिला की मुंग्यांचा रस्ता तुटतो. थर सालीवर थेट लावायचा नाही. मुंग्या गेल्या की ढालकिड्यांना रान मोकळं होतं. झाडांच्या ओळींमध्ये धने, मोहरी, बडीशेप फुलू दिली तर या मित्रकीटकांना मध आणि परागाची शिदोरी मिळते. किन्नौरमध्ये पिकणारा ओगला, म्हणजे आपल्या उपासाच्या पिठातला कुट्टू, त्याच्या पांढऱ्या फुलांवर बारीक माश्यांची गर्दी बघण्यासारखी असते.

पावसाच्या तोंडावर हुमणीचे भुंगेरे. इथे मराठी शेतकऱ्याला नवं काही शिकायचं नाही. वळीव पडला की संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात आणि आपण फांद्या हलवून ते रॉकेलच्या पाण्यात टाकतो. हिमालयात तेच भुंगेरे सफरचंदाची पानं चाळणीसारखी करतात, आणि इलाजही तोच: अंधार पडला की बत्ती, चादर, आणि झाड हलवायला दोन माणसं. अट एकच, सगळ्या गावाने एकाच आठवड्यात हे केलं पाहिजे. एकट्याने केलं तर शेजारच्या रानातले भुंगेरे दुसऱ्या दिवशी येतात.

‘एकट्याने’ या शब्दापाशी जरा थांबतो, कारण बिनफवारणीची बाग बहुतेक वेळा तिथेच हरते. जगभरच्या सफरचंदांचा मोठा शत्रू म्हणजे कॉडलिंग मॉथ. त्याची मादी फळाजवळ एकेक अंडं घालते, अळी फळात शिरते, गर पोखरत थेट बियांपर्यंत जाते आणि भोकाच्या तोंडाशी तपकिरी भुसा दिसतो. पूर्ण वाढलेली अळी फळ सोडून खोडावर आसरा शोधते आणि सालीच्या फटीत कोष विणून हिवाळा काढते. म्हणून खोडाला पन्हळीचा पुठ्ठा गुंडाळतात. अळ्या त्या पन्हळींनाच साल समजून आत शिरतात आणि हिवाळ्यात पुठ्ठा काढून जाळला की पुढच्या वर्षीचे पतंग कमी होतात. खाली पडलेलं प्रत्येक फळ रोज उचलायचं, तेही यासाठीच. शिवाय मादीचा कामगंध भरलेल्या नळ्या झाडोझाडी बांधतात, म्हणजे गंध सगळीकडे पसरतो आणि नराला मादी सापडत नाही. इटलीतल्या दक्षिण तिरोलमध्ये मोठमोठ्या पट्ट्यांत हे चालतं. पण चार-पाच गुंठ्यांच्या बागेत त्याचा उपयोग नाही, कारण फळलेली मादी बांधावरून उडून येते.

कॅनडाच्या ओकानागन खोऱ्याने याच्याही पुढे जाऊन पाहिलं. तिथे १९९०च्या दशकात कारखान्यात कॉडलिंग मॉथ वाढवून, किरणोत्साराने वांझ करून बागांमध्ये सोडायला सुरुवात झाली. वांझ नराशी जोडी जमलेल्या मादीची अंडी फुकट जातात. अळ्यांच्या खाद्यात तांबडा रंग मिसळलेला असतो, म्हणून सापळ्यात सापडलेला पतंग चिरडला की तो आपला की जंगली ते कळतं. मला यात सर्वात मोलाचं वाटतं ते हे, की या कामाचा खर्च बागाइतदारांबरोबर खोऱ्यातले घरमालकही करातून भरतात, कारण परसातल्या दोन झाडांवरचा पतंगसुद्धा सगळ्या खोऱ्याचा असतो.

भारतात हा पतंग लडाखमध्ये आहे, आणि तो खाली उतरू नये म्हणून तिथली ताजी फळं बाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले. या निर्बंधांचं मूळ किडी-रोगांचा फैलाव रोखण्यासाठीच्या १९१४च्या कायद्यात आहे, मेलँडर यांनी आपली नोंद केली त्याच वर्षीच्या. देशांतर्गत वाहतुकीसाठी या कायद्याखाली ज्या मोजक्या किडी-रोगांवर बंदी आली, त्यांत सफरचंदाचे तीन आहेत: कॉडलिंग मॉथ, सॅन होजे खवले कीड आणि स्कॅब हा बुरशीजन्य रोग. स्कॅबचा विषय या पुस्तकाचा नाही. फक्त एवढं सांगून ठेवतो, की किडींना हाताने आवरणाऱ्यालाही बुरशीपुढे प्रतिकारक जातींचाच आधार घ्यावा लागतो.

महाराष्ट्राचा या विषयाशी एक धागा आधीच जुळलेला आहे. हिमाचल सरकारने २०१८ साली नैसर्गिक शेतीची योजना सुरू केली, ती अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीवर. तिकडचे बागवान जीवामृत, नीमास्त्र हे शब्द आपल्यासारखेच सहज वापरतात. नीमास्त्र, अग्निअस्त्र हीदेखील फवारायचीच असतात. विकतच्या विषापेक्षा ती बरी, यात शंका नाही. पण पंपाची सवय त्याने सुटत नाही आणि किडीची ओळख वाढत नाही, असं माझं मत आहे. हे पुस्तक त्या सवयीला हात घालतं, म्हणून मला ते महत्त्वाचं वाटलं.

दुसरा धागा नवा आहे. हिमाचलच्याच बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ही जात आणि ॲना, डोरसेट गोल्डन यांसारख्या जाती आपल्याकडे नाशिकपासून सांगलीपर्यंत लावल्या जात आहेत. आपल्या हवेत या झाडांना हिमालयातल्याच किडी लागतील असं नाही. पिठ्या ढेकूण, फळमाशी, केसाळ अळ्या या आपल्या ओळखीच्या मंडळींशीच बहुधा सामना होईल, आणि आंब्या-डाळिंबाला कागदी पिशवी घालणारे आपले हात इथेही उपयोगी पडतील. म्हणून पुस्तकातल्या तारखा जशाच्या तशा उचलू नका. त्यामागचं बघणं उचला आणि आपल्या बागेच्या तारखा स्वतःच्या वहीत लिहा.

मात्र एक काम लावणीआधीचं आहे आणि ते प्रत्येकाने करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. लोकरी मावा फांदीइतकाच मुळांवरही राहतो, आणि मातीखाली ॲफेलिनसचं काही चालत नाही. म्हणूनच इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग आणि मर्टन इथल्या संशोधकांनी माव्याला दाद न देणाऱ्या ‘नॉर्दर्न स्पाय’ या सफरचंदाशी संकर करून एमएम १०६, एमएम १११ असे खुंट तयार केले. रोप घेताना ते कोणत्या खुंटावर बांधलं आहे हे विचारा, आणि सांगता न येणाऱ्याकडून घेऊ नका. रोपं घरी आली की खड्ड्यात टाकण्याआधी प्रत्येकाची मुळं बादलीत धुवा. मुळांवर गाठी असतील, कलमाच्या जोडापाशी पांढरी लोकर असेल, सालीवर करड्या खपल्या असतील, तर पैसे गेले तरी चालतील, ते रोप लावू नका, जाळून टाका. आपल्या जमिनीत या किडी अजून रुजलेल्या नाहीत, त्या आणायच्या की नाहीत हे त्या बादलीपाशी ठरणार आहे.